मित्राच्या तातडीच्या यकृत प्रत्यारोपणासाठी पैसे उभे करताना

कावीळ झालेला तरुण माणूस आठ-दहा दिवसांत असंबद्ध बोलू लागतो. त्याला आयसीयूत हलवले जाते, डॉक्टर यकृत प्रत्यारोपणाचा विषय काढतात आणि लाखांतला एक आकडा सांगतात. घरची माणसे आयसीयूच्या दाराशी सुन्न होऊन बसतात. पैशांची धावपळ बहुतेक वेळा मित्रांवर येते. त्यांत शाळेतला सोबती असतो, कंपनीतला सहकारी असतो, कधी गणेश मंडळातले कार्यकर्ते असतात. इच्छा भरपूर असते, पण काय आधी आणि काय नंतर हे कोणी सांगितलेले नसते. हा लेख त्या मित्रांसाठी आणि अर्थातच कुटुंबासाठी आहे. यातले बरेचसे हृदय, मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणालाही लागू पडते. मात्र घड्याळाशी खरी शर्यत यकृत अचानक निकामी होते तेव्हाच असते, म्हणून उदाहरण तेच घेतले आहे.

घाई नेमकी किती आहे?

यकृत निकामी होण्याचे दोन वेगळे प्रकार आहेत आणि पैसे उभे करण्याची पद्धत दोन्हींत वेगळी असते.

पहिल्या प्रकारात यकृत वर्षानुवर्षे हळूहळू खराब झालेले असते. याला आपण सिरॉसिस म्हणतो. पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी, वारंवार भरती व्हावे लागणे असा इतिहास असतो. येथे साधारणपणे काही आठवडे ते काही महिने हाताशी असतात.

दुसऱ्या प्रकारात आधी धडधाकट असलेल्या माणसाचे यकृत काही दिवसांत किंवा आठवड्यांत बंद पडते. हिपॅटायटिस ए किंवा ई, क्षयरोगावरची काही औषधे, पिवळा फॉस्फरस असलेले उंदीर मारायचे विष, पॅरासिटामॉलचा अतिरेक, विल्सन आजार ही त्याची काही कारणे. कावीळ असताना रक्त गोठण्याची क्षमता घटली, म्हणजे आयएनआर १.५ किंवा त्याहून वर गेला, आणि सोबत गुंगी, चिडचिड, दिवस-रात्रीची उलटापालट अशी मेंदूवरच्या परिणामाची लक्षणे दिसली, की आम्ही त्याला तीव्र यकृत निकामी होणे म्हणतो. येथे हिशेब दिवसांचा असतो, कधी कधी तासांचा.

या दुसऱ्या प्रकारातल्या काही रुग्णांचे यकृत औषधोपचाराने स्वतःहून सावरते. हिपॅटायटिस ए आणि पॅरासिटामॉलमध्ये ही शक्यता तुलनेने जास्त असते. त्यामुळे ‘प्रत्यारोपण लागू शकते’ आणि ‘प्रत्यारोपण लागणारच’ या दोन वाक्यांतला फरक नीट ऐका. लोकांना संदेश पाठवण्याआधी डॉक्टर यांपैकी कोणते वाक्य म्हणाले, ते पुन्हा विचारून खात्री करून घ्या.

पहिल्या दिवशी डॉक्टरांना काय विचारावे

कुटुंबातला एक आणि मित्रांतला एक, असे दोघेच बोलायला या. दहा जणांनी दहा वेळा विचारले की प्रत्येकाला थोडे वेगळे उत्तर मिळाल्यासारखे वाटते आणि बाहेर गोंधळ वाढतो. प्रत्यारोपण नक्की ठरले आहे का, किती दिवसांत व्हायला हवे, झाले नाही तर काय होईल, आणि झाले तर वाचण्याची शक्यता किती, हे थेट विचारा. शेवटचा प्रश्न विचारताना लोक अडखळतात. पण ज्यांच्याकडे तुम्ही पैसे मागणार आहात त्यांच्यासाठी, आणि त्याहून जास्त कुटुंबासाठी, तो आवश्यक आहे. आधीपासून ठरवून केलेल्या प्रत्यारोपणानंतर चांगल्या केंद्रांत शंभरातले ८५ ते ९० रुग्ण एक वर्षाचा टप्पा पार करतात. अचानक निकामी झालेल्या यकृतासाठी केलेल्या शस्त्रक्रियेत हे प्रमाण काहीसे कमी असते. तुमच्या मित्राची शक्यता त्याच्या मेंदूवरील सूज, जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाची स्थिती यांवर ठरते, आणि ती रोज बदलू शकते.

सध्याचे रुग्णालय प्रत्यारोपण करत नसेल तर हलवण्याबद्दल त्याच दिवशी विचारा. माझ्या पाहण्यातली सर्वांत महाग पडणारी चूक येथे होते. ‘पैसे जमले की हलवू’ असे ठरवून लोक तीन-चार दिवस थांबतात. तोवर मेंदूची सूज वाढते, रुग्णाला कृत्रिम श्वासावर ठेवावे लागते आणि मग प्रवासच धोक्याचा ठरतो. प्रत्यारोपण केंद्रात लवकर पोहोचलेल्या रुग्णाला शस्त्रक्रिया लागली नाही तरी नुकसान होत नाही, कारण तिथली आयसीयूची देखभालही वेगळ्या दर्जाची असते. काही कारणांत, विशेषतः उंदराच्या विषाच्या रुग्णांत, प्लाझ्मा एक्स्चेंजसारखे उपचार उपयोगी ठरतात आणि ते सगळीकडे होत नाहीत. हलवण्यापुरते आणि सुरुवातीच्या डिपॉझिटपुरते पैसे जमले की निघा. बाकीची जमवाजमव मागून चालू ठेवता येते.

इस्टिमेट वाचायला शिका

खासगी रुग्णालयात जिवंत दात्याकडून होणाऱ्या यकृत प्रत्यारोपणाचा खर्च साधारणपणे २० ते ३० लाखांच्या घरात जातो. रुग्णालय जे ‘पॅकेज’ सांगते त्यात बहुधा दाता आणि रुग्ण दोघांची शस्त्रक्रिया आणि ठराविक दिवसांचा मुक्काम धरलेला असतो. लेखी इस्टिमेट मागा. ते रुग्णालयाच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह हवे, कारण प्रत्येक सरकारी आणि धर्मादाय अर्जाला तेच लागणार आहे.

मग पॅकेजमध्ये काय नाही ते विचारा. शस्त्रक्रियेपूर्वीचे आयसीयूचे दिवस, रक्त आणि प्लाझ्मा, अल्ब्युमिन, डायलिसिस, दात्याच्या तपासण्या, आणि पहिला दाता अपात्र ठरला तर दुसऱ्याच्या तपासण्या हे खर्च बरेचदा वेगळे असतात. ठरलेल्या दिवसांपेक्षा मुक्काम लांबला तर पुढे रोजचे बिल लागते. घरी गेल्यावर औषधे आणि रक्ततपासण्या मिळून पहिल्या काही महिन्यांत महिन्याला दहा-पंधरा हजार किंवा त्याहून जास्त लागू शकतात. बाहेरगावच्या कुटुंबाला रुग्णालयाजवळ दोन-तीन महिने खोली घ्यावी लागते. हे सगळे धरून एकच आकडा ठरवा आणि तोच लोकांना सांगा. आधी १५ लाख, आठवड्याने २२, मग ३० असे वाढत गेले की देणाऱ्यांचा विश्वास उडतो, आणि त्यात कोणाचीच लबाडी नसते.

हक्काचे पैसे आधी

लोकांकडे हात पसरण्याआधी जे पैसे रुग्णाचे हक्काचे आहेत ते पाहा. ही कामे कागदांची आहेत आणि कागदांना वेळ लागतो, म्हणून एका मित्राने पहिल्या दिवसापासून फक्त हेच काम हाती घ्यावे. आधार कार्ड, रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, निदानाचे कागद, इस्टिमेट आणि बँक पासबुक यांच्या दहा-दहा झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये स्पष्ट स्कॅन ठेवावेत. उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवरून मिळतो. रेशन कार्डावर रुग्णाचे नाव नाही, हे बऱ्याच जणांना याच दिवशी कळते.

विमा असेल तर पॉलिसीची प्रत लगेच रुग्णालयाच्या विमा कक्षात द्या. कॅशलेसच्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यावा असे विमा नियामकाने २०२४ मध्ये बंधनकारक केले आहे. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा असेल आणि तुम्ही महागडी खोली घेतली, तर केवळ भाडेच नव्हे, इतर खर्चही त्याच प्रमाणात कापला जाऊ शकतो. अवयवदात्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च अनेक पॉलिसी देतात, तो विचारून घ्या. रुग्ण नोकरीत असेल तर कंपनीच्या गट विम्यात ‘कॉर्पोरेट बफर’ आहे का हे एचआरला विचारा. ही रक्कम मागितल्याशिवाय सहसा कोणी देत नाही. भविष्य निर्वाह निधीतूनही आजारपणासाठी पैसे काढता येतात.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि तीत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. यकृत प्रत्यारोपण त्यात भागत नाही, हे उघड आहे. महागड्या प्रत्यारोपणांसाठी या मर्यादेच्या वरचा खर्च राखीव निधीतून करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. तुमचे रुग्णालय योजनेत आहे का आणि हा उपचार तेथे मिळतो का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारा. प्रत्यारोपण बसत नसले तरी आधीचा आयसीयूचा मुक्काम किंवा डायलिसिस योजनेत बसू शकते.

धर्मादाय रुग्णालयांबाबत लोकांना अर्धवट माहिती असते. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली ही योजना २००६ पासून लागू आहे. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक, अशी विभागणी आहे. रुग्णालयाने आपल्या बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला ठेवायची असते. तातडीच्या रुग्णाला दाखल करून स्थिर करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे आणि निर्धन रुग्णाकडून डिपॉझिट मागता येत नाही. वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर जिल्ह्याचे धर्मादाय आयुक्त कार्यालय आहे. पूर्ण प्रत्यारोपण या निधीतून होईल अशी आशा धरू नका. पण बिलातून काही लाख कमी झालेले मी पाहिले आहेत.

मुख्यमंत्री सहायता निधीतून गंभीर आजारांसाठी मदत मिळते आणि यकृत प्रत्यारोपण त्या यादीत आहे. अर्ज, इस्टिमेट, तहसीलदारांचा दाखला आणि प्रत्यारोपणासाठी नोंदणी किंवा समितीच्या मान्यतेचा कागद लागतो. खासगी रुग्णालयाचे इस्टिमेट जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावे लागते. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात. उपचार संपल्यावर केलेल्या खर्चाची भरपाई मिळत नाही, म्हणून ‘आधी ऑपरेशन होऊ दे, मग अर्ज करू’ असे म्हणू नका. पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधीसाठी खासदारांचे पत्र जोडण्याची पद्धत आहे. सिद्धिविनायक मंदिर न्यास, टाटा ट्रस्ट आणि इतर न्यासही वैद्यकीय मदत करतात. प्रत्येकाचा अर्ज वेगळा, प्रत्येकाची रक्कम मर्यादित. पण पाच ठिकाणचे थोडे थोडे मिळून एक मोठा हप्ता होतो. हे सगळे अर्ज मोफत असतात. ‘निधी मिळवून देतो, दहा टक्के द्या’ म्हणणारा माणूस रुग्णालयाच्या आवारात भेटतोच. त्याला एकही कागद देऊ नका.

लोकांकडे मागताना

आधी परवानगी. रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याची, नसेल तर पती-पत्नी, आईवडील यांची. नाव, फोटो, आजार यांतले काय बाहेर जाईल हे त्यांनी ठरवायचे. नळ्या लावलेला, सुजलेला, अर्धवट झाकलेला फोटो बरा झाल्यावर त्या माणसाला आयुष्यभर इंटरनेटवर दिसत राहतो. एखादा हसरा जुना फोटो पुरेसा असतो. आजाराचे कारण लिहायची गरज नसते. विष घेतल्यामुळे यकृत गेले असेल तर ते कधीही लिहू नये. ‘यकृत अचानक निकामी झाले आहे’ हे खरेही आहे आणि पुरेसेही. तपासणीचे कागद टाकताना आधार क्रमांक, पत्ता आणि नको असलेले निष्कर्ष झाका.

पैसे कोठे जमा होणार हे दुसरे. सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे रुग्णालयाचे खाते आणि रुग्णाचा नोंदणी क्रमांक. देणाऱ्याला खात्री वाटते आणि तुमच्यावरचा भार हलका होतो. मात्र बाहेरची औषधे, खोली, प्रवास यांसाठी हाताशी थोडे पैसे लागतात. त्यासाठी रुग्णाच्या किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाच्या नावाचे एक खाते ठेवा. तुमच्या स्वतःच्या खात्यात, तुमच्या पगारात मिसळून, मित्राचे लाखो रुपये घेऊ नका. यात हेतूचा प्रश्न नाही. सहा महिन्यांनी कोणी विचारले तर तुम्हालाच उलगडा करता येणार नाही. आणखी एक मित्र रोज रात्री जमा आणि खर्च एका वहीत किंवा शीटमध्ये लिहील, असे ठरवून टाका.

संदेश छोटा असू द्या. त्याचा साचा असा ठेवता येईल: ‘आमचा मित्र (नाव), वय ३४, (गाव). यकृत अचानक निकामी झाल्याने (रुग्णालय) येथे आयसीयूत आहे. डॉक्टरांनी यकृत प्रत्यारोपण सांगितले आहे. एकूण अपेक्षित खर्च २६ लाख. विमा आणि कुटुंबाकडून ९ लाख उभे झाले आहेत. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात भरता येतील, तपशील खाली. शंका असल्यास (दोघांची नावे व फोन). माहिती (तारीख) रोजीची आहे.’ तारीख विसरू नका. तारीख नसलेला संदेश दोन वर्षांनीही फिरत राहतो, रुग्ण बरा होऊन कामावर जात असला तरी. पैसे पूर्ण झाले की ‘आता पाठवू नका’ हा संदेशही तितक्याच जोराने पाठवा. क्यूआर कोड बदलून तोच संदेश पुढे ढकलणारे लोक असतात. म्हणून खात्याच्या नावाचे शेवटचे रूप संदेशात शब्दांत लिहा आणि पैसे भरण्याआधी नाव जुळते का ते पाहायला सांगा.

व्हॉट्सअॅपवर हजार लोकांना पाठवलेल्या संदेशापेक्षा पहिल्या दिवशी केलेले दहा फोन जास्त पैसे आणतात. कंपनीचा मालक, वर्गातला सुस्थितीतला मित्र, गावची पतसंस्था, तालीम, मंडळ, परदेशात स्थायिक झालेला चुलतभाऊ यांना स्वतः फोन करा, संदेश टाकून थांबू नका. आणि बोलताना ‘देणगी’ की ‘उसने’ हे त्याच वेळी स्पष्ट करा. डिपॉझिटसाठी तातडीने घेतलेली मोठी रक्कम बहुधा उसनी असते आणि देणाऱ्याला ती विमा आला की परत हवी असते. तोंडी राहिले तर वर्षभराने नाती तुटतात. घाईत शेत किंवा घर विकायला कुटुंब तयार होते. दोन दिवसांत केलेल्या सौद्यात निम्मी किंमतही येत नाही. त्यापेक्षा सोन्यावर कर्ज काढणे बरे. ते एका दिवसात होते आणि दागिने पुढे सोडवता येतात.

मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू यांसारख्या क्राउडफंडिंगच्या साइट्सचा उपयोग तुमच्या ओळखीच्या वर्तुळापलीकडे पोहोचण्यासाठी होतो. पण सुरुवातीचे पैसे तेथेही ओळखीच्यांकडूनच येतात. सुरू करण्याआधी तीन गोष्टी विचारा: साइटचे आणि पेमेंटचे शुल्क किती, जाहिरातीसाठी वेगळे पैसे कापणार का, आणि पैसे रुग्णालयाला किती दिवसांत पोहोचतील. कागदपत्रांच्या पडताळणीत दिवस जातात आणि तुमच्याकडे कदाचित दिवसच नसतात. देणाऱ्याला दिसणारी ‘टिप’ ऐच्छिक असते, हेही लोकांना सांगा.

कर आणि रोख रक्कम

नातेवाईक नसलेल्या लोकांकडून एका आर्थिक वर्षात मिळून ५० हजारांपेक्षा जास्त रक्कम एखाद्या व्यक्तीच्या खात्यात भेट म्हणून आली, तर आयकर कायद्याने ती त्या व्यक्तीचे उत्पन्न धरली जाऊ शकते. रुग्णालयाच्या खात्यात थेट पैसे भरण्याचे हे आणखी एक कारण. बिले आणि पावत्या जपून ठेवा आणि मोठी रक्कम खात्यात आली असेल तर चार्टर्ड अकाउंटंटला वेळेत दाखवा. एका व्यक्तीला दिलेल्या मदतीवर देणाऱ्याला ८०जी ची करसवलत मिळत नाही. ती फक्त नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवर मिळते, म्हणून संदेशात तसे खोटे आश्वासन देऊ नका. परदेशी नागरिकत्व असलेल्यांचे पैसे एखाद्या ट्रस्टमार्फत घ्यायचे असतील तर त्या ट्रस्टकडे परदेशी देणगी स्वीकारण्याची नोंदणी हवी. आणि गावातून थैली भरून रोख आणली तरी एकाच उपचाराच्या बिलापोटी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख रुग्णालय घेऊ शकत नाही. ती आधी बँकेत भरा.

अवयव आणि पैसा

येथे सगळ्यात जास्त काळजी घ्यावी लागते. पैसे यकृतासाठी उभे करायचे नसतात, उपचारासाठी करायचे असतात. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आणि २०११ ची दुरुस्ती यांनुसार अवयवाची खरेदी-विक्री केल्यास ५ ते १० वर्षे कैद आणि २० लाख ते १ कोटी रुपये दंड आहे. देणारा, घेणारा, मध्यस्थ आणि जाहिरात करणारा सगळेच त्यात येतात. ‘यकृतदाता हवा, योग्य मोबदला देऊ’ अशी एक ओळ भाबडेपणाने संदेशात टाकणारे मित्र मी पाहिले आहेत. ती ओळ गुन्हा आहे.

पती-पत्नी, आईवडील, मुले, सख्खी भावंडे, आजी-आजोबा आणि नातवंडे हे कायद्याने जवळचे नातेवाईक. त्यांचे कागद पूर्ण असतील तर तातडीच्या परवानगीचे काम लवकर होऊ शकते. मित्रालाही आपुलकीपोटी यकृताचा भाग देता येतो, पण त्यासाठी प्राधिकार समितीची मान्यता लागते. समिती दोघांची आर्थिक स्थिती आणि ओळखीचे पुरावे तपासते, मुलाखतीचे चित्रीकरण होते. दाता सज्ञान, रक्तगट जुळणारा, यकृतावर फारशी चरबी नसलेला असावा लागतो. त्याच्या यकृताचा सुमारे ६० ते ६५ टक्क्यांपर्यंतचा भाग काढला जातो, उरलेला भाग काही आठवड्यांत बऱ्याच अंशी वाढतो. तरीही ही मोठी शस्त्रक्रिया आहे आणि निरोगी माणसाच्या जिवालाही तीत थोडासा धोका असतोच. दात्याच्या उपचाराचा खर्च आणि या काळात बुडालेली त्याची कमाई भरून देणे कायद्यातील ‘मोबदल्या’च्या व्याख्येतून वगळलेले आहे. पण तेही पावतीनिशी, रुग्णालयाला माहीत असताना करावे.

आवाहनात दात्याचा उल्लेख करू नका. ‘बहीण यकृत द्यायला तयार आहे, फक्त पैसे कमी पडताहेत’ असे वाक्य हजारो लोकांपर्यंत गेले, की त्या बहिणीला मागे फिरायची वाट राहत नाही. दात्याला शस्त्रक्रियेच्या खोलीत जाईपर्यंत नाही म्हणण्याचा अधिकार आहे. तसे कोणी म्हणाले तर बहुतेक केंद्रांत आम्ही कुटुंबाला फक्त ‘दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही’ एवढेच सांगतो.

घरात दाता नसेल तर मेंदूमृत दात्याच्या यकृतासाठी रुग्णालयामार्फत विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रात नोंदणी होते. महाराष्ट्रात अशी केंद्रे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. अचानक यकृत निकामी झालेल्या रुग्णाला अतितातडीच्या यादीत प्राधान्य मिळू शकते. जास्त पैसे भरून ही यादी पुढे सरकत नाही. तसे कोणी म्हणाले तर रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकाला सांगा.

पैसे उरले, किंवा मित्र राहिला नाही

दोन्ही शक्यतांचा विचार आवाहन पाठवतानाच करून ठेवा आणि ‘रक्कम उरल्यास ती पुढील औषधांसाठी किंवा याच रुग्णालयातील गरजू रुग्णासाठी वापरली जाईल’ असे एक वाक्य संदेशात घाला. प्रत्यारोपणाविनाच मित्र सावरला, तर ती आनंदाची बातमी लपवू नका. काही लोक ‘मग पैसे कशाला मागितले?’ असे विचारतील. त्यांना आयसीयूचे बिल दाखवा. मोठी रक्कम देणाऱ्यांना परत हवी का ते विचारा.

सगळे प्रयत्न करूनही काही रुग्ण जातात, कधी पैसे पुरे व्हायच्या आदल्या रात्री. थकलेल्या बिलासाठी मृतदेह अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयाला नाही. रुग्ण हक्कांच्या सनदेत ते स्पष्ट आहे. बिलाचे पुढे बोलणे होऊ शकते, त्या दिवशी माणूस घरी नेता आला पाहिजे. ज्यांनी पैसे दिले त्यांना दोन ओळींत कळवा. महिन्याभरात हिशेब पाठवा. पैसे कमी पडले म्हणून तो गेला असे स्वतःला सांगणारे मित्र माझ्याकडे महिनोन्महिने येत राहतात. बहुतेक वेळा फाइल पाहून मला त्यांना सांगावे लागते की ज्या दिवशी प्रत्यारोपणाचे बोलणे झाले त्याच दिवशी संसर्ग रक्तात पसरला होता आणि शस्त्रक्रिया शक्यच नव्हती. अशी शंका मनात असेल तर डॉक्टरांची वेळ घेऊन फाइल एकदा समजून घ्या. ती तुमच्यासाठीही आहे.

आणि मित्र घरी आला, तर पैशांचे काम संपलेले नसते. टॅक्रोलिमससारखी औषधे त्याला आयुष्यभर, रोज, ठरल्या वेळी घ्यायची आहेत. पैसे नाहीत म्हणून गोळ्या अर्ध्या करून घेणारा किंवा रक्तातील औषधाची पातळी तपासायला न येणारा रुग्ण सहा महिन्यांनी नवे यकृत गमावू शकतो. मोठ्या आवाहनाला लोक एकदा प्रतिसाद देतात, दर महिन्याच्या औषधाला देत नाहीत. त्यामुळे दहा-बारा जवळच्या मित्रांनी महिन्याला प्रत्येकी हजार-दीड हजार वर्षभर देण्याचे आधीच ठरवून ठेवणे उपयोगी पडते. महिन्याच्या पाच तारखेला ते एका खात्यात जमा होतील, दहा तारखेच्या आत औषधे घेतली जातील आणि तपासणीच्या दिवशी त्याच्यासोबत रुग्णालयात कोण जाईल, एवढे लिहून ठेवा.